पाटीवरची तोडी

आमच्या दुकानात कधीच काही संपलं नाही. साखर वाढायची, चहापत्ती वाढायची, आणि सणाच्या तोंडावर गूळ कधीकधी इतका वाढायचा की गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात पाठवावं लागे. संपणं, फुटणं, तुटणं, बंद होणं असले शब्द अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाटोद्याच्या पेठेतल्या आमच्या किराणा दुकानातून हद्दपार केले होते. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं, एवढं सगळेच व्यापारी पाळतात. अप्पांनी ही रीत स्वतःच्या हिकमतीनं फार पुढे नेली. बरणी फुटली की बरणी वाढली. वीज गेली की वीज वाढली. घासाघीस करणारं एखादं गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं की अप्पा शांतपणे म्हणत, "वाढलं." या भाषेवर पोसलेली मी पहिलीत असताना एकदा शाळेत रडत रडत म्हणाले, "बाई, माझी पाटी वाढली." बाई म्हणाल्या, "मग चांगलंच झालं की गं. रडतीस कावून?" मला त्यांची कीव आली. एवढी शिकलेली बाई आणि साधं मराठी कळू नये.

सगळ्यांत कडक नियम होता 'न्हाई' या शब्दाचा. गिऱ्हाइकानं काहीही मागो, दुकानात 'न्हाई' म्हणायचं नाही. लक्ष्मी गल्ल्यापाशी बसून ऐकत असते, एकदा 'न्हाई' कानावर पडलं की पदर सावरून उठते, अशी अप्पांची पक्की समजूत. आम्हा मुलांना तर चुकून तो शब्द निघाला की आई आतून हाताला धरून माजघरात ओढून घ्यायची. पेठेतली टवाळ पोरं मुद्दाम येऊन विचारत, "आप्पा, हत्तीची साखळी हाय का?" अप्पा चष्मा वर सरकवून म्हणत, "सांगून ठेवतो. पुढच्या बाजारी चक्कर मार." पोरं हसत जात, पण 'न्हाई' काही कुणी वदवून घेऊ शकलं नाही. मी त्यांची मुलगी, माझ्याही किती मागण्या अशा पुढच्या बाजारावर गेल्या, त्याचं मला अजून नीट हसू येत नाही.

घर म्हणजे पुढे दुकान, दुकानापुढे लांबलचक शहाबादी फरशीचा ओटा, मागे माजघर आणि स्वयंपाकघर, आणि दुकानाच्या वर पत्र्याची माडी. डाव्या हाताला भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी. सकाळी अप्पांची लिंगपूजा चालायची. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तळहातावर इष्टलिंग, डोळे अर्धे मिटलेले. पूजा संपेपर्यंत ते बोलत नसत, पण घरातलं सगळं त्यांना कळे, आणि ते हुंकारांनी घर चालवत. एक हुंकार म्हणजे दूध उतू चाललंय, दोन म्हणजे पोरीला उठव. आईचं त्या वेळी चुलीपाशी भाकरी थापणं चाललेलं असे. भाकरीबरोबर येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. बाजाराच्या दिवशी मात्र सकाळी सुशीला. मुरमुऱ्याच्या या पदार्थाला बाईचं नाव का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुण्यात माझ्या सासरी मी पहिल्यांदा "आज सुशीला करू का?" असं विचारलं तेव्हा सासूबाई घाबरल्याच होत्या.

आणि या सगळ्या आवाजांवर माडीवरून यायचा आत्याचा सूर. गिरिजाआत्या अप्पांची धाकटी बहीण, त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. लग्न न झालेली, म्हणजे तिनं न केलेली. मुलींच्या शाळेत शिकवायची. अंबाजोगाईला कॉलेजात असताना तिथल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे गाणं शिकली होती, आणि ते आता तिच्या अंगातून जाणार नव्हतं. तिच्याजवळ तंबोरा होता, पण पाटोद्याच्या उन्हाळ्यात त्याच्या तारा तासाभरात उतरत. म्हणून तिनं गिरणीशी संधान बांधलं होतं. गिरणी सुरू झाली की तिचा जो एकसुरी घुमारा लागे तो नेमका आत्याच्या षड्जाच्या जवळ येई. आत्या तोच सा धरायची. कुणाची ज्वारी ओलसर निघाली की गिरणी ओढत चाले आणि आत्याचा सा खाली येई. मग ती खिडकीतून ओरडायची, "अहो, ज्वारी वाळवून आणायला सांगा लोकांना!" गिरणीवाल्याला वाटे, बाईला पिठाची फार काळजी.

ते दिवस केबलचे होते. दूरदर्शनवर एकच एक बघून कंटाळलेल्या पाटोद्याला अचानक कळलं होतं की आभाळात पुष्कळ चॅनलं फिरत असतात आणि एक मोठी ताटली लावली की ती खाली पडतात. आष्टीला असं कनेक्शन झालं होतं, पाटोद्यानं कावून मागं राहायचं? दिलीप नावाचा एक तरतरीत मुलगा हा धंदा आणत होता. मोटारसायकल, डोळ्यांवर काळा चष्मा, खिशाला तीन पेनं. त्याला ताटली आणि यंत्रं ठेवायला पेठेतली उंच जागा हवी होती, आणि पेठेतली उंच जागा म्हणजे आमची माडी. भाडं देणार होता, शिवाय आमच्या घरी केबल फुकट. मी त्या वेळी नववीत. फुकट केबल ऐकून माझी काय अवस्था झाली असेल ते मी सांगत बसत नाही. पण आत्याला त्या माडीत गाण्याचा वर्ग काढायचा होता. किती वर्षांचं तिच्या मनात होतं. माडी गेली तर आत्याला रियाजालाही जागा उरणार नव्हती, कारण माजघरात गायचं म्हटलं तर पुढे अप्पांचं दुकान आणि मध्ये एक पडदा.

अप्पांचं गाण्याशी वाकडं नव्हतं. त्यांना ते कळतच नव्हतं एवढंच. "गिरजे," ते म्हणायचे, "तू गाती छान. पर ह्या गावाला त्याचं काय? तूर घेणारा हाय तर तूर भरावी. तुझ्या मालाला गिऱ्हाईक कोण?" यावर आत्या माडीवर निघून जायची. भाऊ वाईट बोलला असता तर तिला भांडता आलं असतं.

तशात रेडिओचं पत्र आलं. आत्यानं पावसाळ्यात केंद्रावर जाऊन रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. वाकळीत गुंडाळलेला तंबोरा एस.टी.त खिडकीशी बसवून नेला तेव्हा कंडक्टरनं हळू आवाजात विचारलं होतं, "पेशंट लई सिरीयस हाय का?" आता केंद्रानं एक अख्खा दिवस शास्त्रीय संगीताला द्यायचं ठरवलं होतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत, ज्या त्या वेळेचे ज्या त्या वेळी राग, आणि त्यात सकाळी नवाच्या पुढे अर्धा तास आमची आत्या. तिचा राग होता तोडी. आत्या पत्र घेऊन तशीच दुकानात आली. बाजूला दिलीप उभाच होता, माडीचं निश्चित करायला आलेला. अप्पांनी पत्राकडे पाहिलं, दिलीपकडे पाहिलं आणि तराजू खाली ठेवला.

"हे बघ गिरजे," ते म्हणाले, "आपल्यात सरळ सौदा. त्या दिवशी नेमका बाजार हाय. रेडिओ मी ओट्याकडं तोंड करून ठिवतो. तुझं गाणं ऐकायला माणसं बसून ओटा भरला, तर माडी तुझी. आन ओट्यावर जागा उरली, तर माडी दिलीपची."

"कबूल," आत्या म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. मग म्हणाली, "पर लोकांना कळाया तर पाहिजे. पाटीवर लिवा तुमी."

दुकानाच्या दारात एक काळी पाटी असे. शेंगतेल, खोबरं, साबुदाणा यांचे भाव अप्पा खडूनं त्यावर लिहीत. तालुक्याचं वर्तमानपत्रच ते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आत्यानं कागदावर मजकूर लिहून दिला, 'उद्या सकाळी नऊनंतर रेडिओवर राग तोडी. अवश्य ऐकायला या.' अप्पांनी पाटी पुसली, खडू ओला केला आणि 'रेडिओवर'पर्यंत लिहून थांबले.

"राग?" ते म्हणाले. "बाजाराच्या दिवशी, दुकानाच्या दारात राग लिवू?"

"दादा, तसला राग न्हाई तो," आत्या म्हणाली. आतून आईनं भांडं आपटलं, कारण आत्याच्या तोंडून दुकानात 'न्हाई' निघालं होतं.

"कसला का असंना. दारात राग लिवला की गिऱ्हाईक वाढतं," असं म्हणून अप्पांनी तो शब्द गाळला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'उद्या सकाळी नऊनंतर रेडिओवर तोडी. अवश्य ऐकायला या.' वर एक छोटं बेलाचं पान काढलं, शुभ म्हणून.

आता बाहेरच्या वाचकाला इथं काही खटकणार नाही. पण आमचा सगळा भाग ऊसतोडणी करणाऱ्यांचा. दसरा झाला की बैलगाड्या नि ट्रक भरभरून माणसं पश्चिमेला कारखान्यांवर जायची, 'कुठं गेलतास?' म्हटलं की 'तोडीला' एवढंच उत्तर. त्या वर्षी कोयते बंद होते. भाव वाढवून मिळाल्याशिवाय तोडीला जायचं नाही असं ठरलेलं, दसरा उलटून गेलेला, वाड्यावस्त्यांवर माणसं संप मिटल्याची बातमी कधी येते म्हणून कान टवकारून बसलेली. अशा वेळी पेठेतल्या सगळ्यांत खात्रीच्या पाटीवर लिहिलेलं, उद्या रेडिओवर तोडी. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. आत्याच्या डोक्यात सूर होते, अप्पांच्या लक्ष्मी, आणि माझ्या, खरं सांगायचं तर, केबल.

सकाळी उठले तेव्हाच रेडिओ लागलेला होता. पहाटेचा भैरव संपून कुणीतरी सतार वाजवत होतं. अप्पा पूजेला बसलेले, आई सुशीलाला फोडणी देत होती, आणि आत्या माजघरात उंबऱ्यापाशी नवी साडी नेसून नुसती बसली होती, जणू रेडिओवाले तिला बघणारच आहेत. तेवढ्यात वीज गेली. गिरणी थांबली, सतार थांबली. आत्या माझ्याकडे बघायला लागली. अप्पांनी तीन हुंकार दिले, ते मला समजले नाहीत. मग त्यांनी पूजा आवरली, उठले, दुकानात गेले आणि फळीवरचं नव्या सेलांचं पाकीट काढून फाडलं. दुकानातला माल घरात वापरायचा नाही हा त्यांचा 'न्हाई'च्या खालोखालचा नियम. घरचे सेल आम्ही पत्र्यावर उन्हात ठेवून ठेवून दोन-दोन महिने ओढायचो. अप्पांनी नवे सेल रेडिओत घातले, सतार पुन्हा सुरू झाली आणि ते काहीच न झाल्यासारखे गादीवर जाऊन बसले. आत्यानं डोळे पुसले.

आठाच्या सुमारास पहिली माणसं आली. ओट्यावर उकिडवी बसली. मग आणखी आली. बाजार होता म्हणून असेल असं मला आधी वाटलं, पण ही माणसं काही विकत घेत नव्हती, रेडिओकडे तोंड करून बसत होती. बायका पोरांना घेऊन, म्हातारे काठ्या टेकत. ओटा भरला. ओट्याखालची जागा भरली. मग रस्ता भरला, आणि बसस्टँडकडून येणारा एक टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून माघारी गेला. मी धावत आत जाऊन आत्याला सांगितलं, "आत्या, रस्ता भरलाय!" तिनं पडदा किंचित बाजूला करून पाहिलं आणि पटकन मागं झाली. "एवढी?" ती म्हणाली. "उमे, एवढी माणसं गाणं ऐकायला?" असा आनंद मी मोठ्या माणसाच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की जाऊ दे ती केबल.

बाहेर आले तर नामदेव मुकादम अप्पांच्या कानाशी वाकला होता. हा आमचं जुनं गिऱ्हाईक, तोडणीच्या टोळ्या कारखान्यावर नेणारा. "आप्पा," तो म्हणत होता, "तुमी लिवलं म्हंजी बातमी पक्की. पर कोणता कारखाना आधी, ते बी सांगतील का?" अप्पांचा खडू धरायचा हात गादीवर तसाच राहिला. ते मुकादमाकडे, मग गर्दीकडे, मग पाटीकडे बघत राहिले. त्यांना कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं.

"अप्पा, सांगा ना त्यांना," मी कुजबुजले. "ही गर्दी..."

"गप बस. गर्दी वाढलीय," अप्पा म्हणाले. कोणत्या अर्थानं म्हणाले ते मी आजही सांगू शकत नाही. आणि तेवढ्यात रेडिओ म्हणाला, "आता सादर करीत आहोत पाटोद्याच्या कलावंत गिरिजाबाई यांचं गायन. राग तोडी."

रस्त्यावर एकदम शांतता झाली. "राग?" मागून कुणीतरी म्हणालं, "तोडीला राग कावून आला बे?"

"येणारच की," मुकादम ठामपणे म्हणाला. "आपल्या लोकांला राग आलाय ते वर कळलंय, असं म्हणायलेत."

"विलंबित एकताल, आणि त्यानंतर द्रुत तीनताल," रेडिओ म्हणाला.

"विलंबित म्हंजी उशीर," मुकादमानं खुलासा केला. "तोड उशिरा सुरू हुणार. गप ऐका आता."

मग आत्याचा सूर आला. आयुष्यात इतक्या मैफली ऐकल्या मी, मोठ्या सभागृहांत, हजारांच्या तिकिटांच्या, पण असे श्रोते पुन्हा दिसले नाहीत. कुणी खोकत नव्हतं. पोर रडलं तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवी. आत्या कोमल गंधारावर थांबली की सगळा रस्ता तिच्याबरोबर थांबे, कारण आता बाई सांगणार, आता कारखान्याचं नाव येणार. ती नाव काही घेईना. "लई घोळवायलीय," एक म्हातारा पुटपुटला. "मोठी बातमी असंल," दुसरा म्हणाला. आत माजघरात आत्या पडद्याला धरून उभी होती, डोळ्यांतून धारा लागलेल्या. तिला फक्त ती शांतता ऐकू येत होती. मी तिच्याकडे बघायची, बाहेर बघायची, पुन्हा तिच्याकडे.

द्रुत बंदिश सुरू झाली तसे शब्द मोकळे झाले. गुरुजींनीच बांधलेली होती ती, परदेशी निघालेल्या माणसाला घरातली बाई अडवते अशी. 'अबके न जाओ परदेस.' आत्या ते पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वळणांनी म्हणायला लागली. रस्त्यात कुजबुज सुरू झाली.

"न जाओ म्हंतीय."

"अबके. म्हंजी यंदा."

"यंदा जाऊ नका म्हणायलीय!" मुकादम उठून उभा राहिला. "संप चालूच! कोयता बंद!" अर्धी गर्दी आनंदानं ओरडली, अर्धी काळजीनं. तेवढ्यात आत्याची शेवटची तान संपली, रेडिओनं तिचं नाव पुन्हा घेतलं आणि म्हणाला, "यानंतर सनईवादन." सनई सुरू झाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "सनई कावून? लगीन हाय का काय?" मग हळूहळू, ओट्यापासून रस्त्याकडे, एकेकाला उमजत गेलं की बातमी आली नाही, येणार नाही, हे नुसतं गाणं होतं. आणि पाच कोसांवरून पायी आलेली माणसं एकदम बोलायला लागली. मुकादमानं तर पाटीच उचलली. "आप्पा, ही काय थट्टा? गरिबाला बाजाराच्या दिवशी चुत्या बनवायलाव काय?" अप्पांनी दारात राग लिहायचा टाळला होता, तर तो असा पायांनी चालत दारात आला.

पडदा बाजूला झाला आणि आत्या दुकानात आली. गल्ल्याजवळ येऊन तिनं मुकादमाच्या हातातली पाटी वाचली. सगळं एका क्षणात तिला कळलं. मला वाटलं ती आता कोसळणार, आणि अप्पांचा असा संताप आला मला की मी दाणकन साबुदाण्याच्या पोत्यावर बसले. आत्याचा चेहरा आधी पडला. आणि मग ती हसायला लागली. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग पदराचाही उपयोग होईना. "दादा," ती कशीबशी म्हणाली, "राग गाळला तुमी! नुसती तोडी ठिवली!"

"शुभ नव्हतं ते," अप्पा पडेल आवाजात म्हणाले.

आत्या हसतच ओट्यावर गेली आणि लोकांना म्हणाली, "माय-बापहो, तोडी हे गाण्याचं बी नाव असतंय. पाटीवर चूक झाली. तुमची बातमी न्हाई ही. मी गायलेलं गाणं हाय. माफी करा." असं कुणी तोंडावर सांगितलं की आमच्याकडची माणसं फार वेळ भांडत नाहीत. शिव्या पुटपुटत, हसत, पटके झटकत लोक बाजाराकडे पांगायला लागले. मुकादमही पाटी ठेवून निघाला. रस्ता मोकळा झाला, ओटाही रिकामा व्हायला लागला. रस्त्यापलीकडे दिलीप मोटारसायकलवर बसून हे सगळं बघत होता, आणि आता उतरून येत होता.

ओट्यावर एक बाई मात्र बसूनच होती. सुभद्राबाई, जवळच्या वाडीवरची, दरसाल नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाणारी. गुडघ्यांना मिठी मारून ती आत्याकडे निरखून बघत होती. "ते 'न जाओ' म्हणत हुती ती तूच का?" तिनं विचारलं.

"मीच."

"मला वाटलं सरकार म्हणायलंय," सुभद्राबाई म्हणाली. "वीस वरसं झाली, या म्हंतेत, निगा म्हंतेत. जाऊ नका असं कुणी म्हनलं न्हाई अजून. मघाशी माझं ध्यान बातमीकडं हुतं. परत म्हण बरं ते. आता गाणं म्हणून ऐकते."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तंबोरा वर माडीत, खाली नुसता बाजार. आणि खरंच सांगते, तेव्हा वीज आली. भिंतीपलीकडे गिरणी घुमायला लागली. आत्याच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं. अप्पांनी रेडिओ बंद केला, आत्या फरशीवर मांडी घालून बसली, डोळे मिटून गिरणीचा सा घेतला आणि गायला लागली. ज्वारी चांगली वाळलेली होती त्या दिवशी. रेडिओवर ती जपून गायली होती, एकेक सूर इस्त्री करून ठेवल्यासारखी. इथं आवाज मोकळा सुटला. जाणाऱ्या दोन बायका थांबल्या आणि पिशव्या ठेवून बसल्या. त्यांच्या मागून पोरं आली. भाजीवाली आली. मुकादम भज्यांचा पुडा घेऊन परतला, आधी लांब उभा राहिला, मग टेकला. "उशीराचं झालं का? आता लगीचचं म्हणा," असं त्यानं सुचवलंही. ओटा पुन्हा भरत गेला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. या वेळी जो बसत होता तो गाणं ऐकायलाच बसत होता.

अगदी शेवटी, पायरीच्या कडेला, एका माणसापुरती जागा राहिली. मी तिच्याकडे बघत होते. दिलीपही तिच्याकडेच बघत होता. बंदिश संपत आली तरी कुणी तिथं बसेना. मी स्वतःच जाऊन बसावं म्हणून उठले, तर अप्पा गादीवरून उतरत होते. बाजाराच्या दिवशी अप्पा जेवायलाही गादी सोडत नसत. धोतराचा सोगा आवरून ते हळूहळू गेले, गिऱ्हाइकांच्या रांगेत त्या जागेवर बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून बहिणीचं गाणं ऐकायला लागले. कळत होतं का त्यांना? मला नाही वाटत. पण ते ऐकत होते.

गाणं संपल्यावर अप्पांनी रेडिओ पुन्हा लावला, आणि मग तो दिवसभर चालूच राहिला. दुपारी सारंग झाला, तेव्हा आम्ही उरलेली सुशीला दह्याबरोबर खाल्ली. तिसऱ्या प्रहरी भीमपलास झाला, तेव्हा अप्पा गूळ फोडत होते. गिऱ्हाइकं विचारत, "आप्पा, हे काय लावलंय?" आणि अप्पा मोठ्या जाणत्याच्या आवाजात सांगत, "राग हाय." आत्या दिवसभर माडीवर झाडझूड करत होती, वरून केरसुणीचा आवाज येत होता. आता माझ्या फोनमध्ये जगातलं सगळं संगीत आहे, पण दिवस ऐकायचा असतो हे माझ्या मुलीला मी अजून पटवू शकलेले नाही.

दिवेलागणीला, रेडिओवर मारवा चालू असताना, दिलीप आला. काळा चष्मा खिशात होता. "आप्पा," तो म्हणाला, "सकाळी काय झालं ते झालं. लोक तर चुकून आलते. माडीचं काय मग?"

अप्पा तूर मोजत होते. वर न बघता म्हणाले, "माडी वाढली."

दिलीप आष्टीकडचा. त्याला आमची भाषा काय माहीत. "वाढली?" तो खूश होऊन म्हणाला. "मग तर लई झ्याक. दोन ताटल्या बसतील!"

आतमध्ये आईला हसू आवरेना. मी पोत्यामागे लपले. अप्पांनी माप खाली ठेवलं. त्यांनी गल्ल्याकडे पाहिलं, तिथं बसून ऐकणाऱ्या लक्ष्मीची जणू आधी परवानगी घेतली. मग घसा साफ केला.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "माडी मिळणार न्हाई."

वरचा केरसुणीचा आवाज थांबला.